पायाशी कोण उभं आहे

ही घटना खरी आहे.

अशा प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला हे वाक्य असतं, हे मलाही ठाऊक आहे. आणि त्या गोष्टी नेहमी कोणाच्या तरी मित्राच्या आतेभावाच्या मेहुण्याच्या बाबतीत घडलेल्या असतात, म्हणजे उलटतपासणीला कोणी सापडायला नको. ही माझ्या सख्ख्या थोरल्या वहिनीच्या बाबतीत घडली. ती सापडते. रविवारी घरीच असते. फक्त या विषयावर बोलत नाही.

माझ्याशी एकदाच बोलली. तेही भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून.

आणखी एक सांगून टाकतो. अमावस्या नव्हती. ओसाड रस्ता नव्हता. दिवेही गेले नव्हते. भर सकाळ होती, आणि जागा होती हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर, जिथले दिवे मुळी सावली पडू नये म्हणूनच बनवलेले असतात. आत होती ती सगळी शिकली-सवरलेली माणसं. त्यांच्यात भुताखेतांवर विश्वास ठेवणारं कोणी नव्हतं.

निदान सकाळी तरी नव्हतं...

वहिनी स्क्रब नर्स आहे. म्हणजे हात कोपरापर्यंत धुऊन, गाऊन चढवून, पेशंटच्या अंगाला अंग लावून उभी राहणारी सिस्टर. पूर्वी सर्जनने हात पुढे केला की त्यात बरोबर ते हत्यार ठेवणं हे तिचं काम होतं. मग रोबॉट आला.

रोबॉटचं ऑपरेशन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवं. सर्जन पेशंटजवळ नसतातच. ते खोलीच्या कोपऱ्यात शिलाई मशिनवर बसल्यासारखे बसतात. पायाखाली पेडल्स, हातात दोन कड्या आणि डोकं एका खोक्यात खुपसलेलं. इकडे पेशंटच्या पोटाला चार छोटी भोकं, प्रत्येक भोकात एक नळी, आणि नळीतून रोबॉटचा एकेक हात आत. सर्जन तिकडे बोट हलवतात, इकडे पोटातली कात्री हलते. त्यांचा आवाजही स्पीकरमधून येतो.

सर्जनना आतली बारीकशी नस पाण्याच्या पाइपाएवढी मोठी दिसते. पण पेशंट दिसत नाही.

"आतलं सगळं कळतं, बाहेर काय चाललंय ते कळत नाही," वहिनी म्हणते. "नवऱ्यासारखंच."

माझा भाऊ तेव्हा समोर पेपर वाचत होता. त्याला कळलं नाही.

म्हणून बाहेरचे डोळे वहिनीचे. रोबॉटचा हात पेशंटच्या मांडीवर टेकतोय का, तोंडातली नळी दबतेय का, हे बघणारी ती एकटी. थिएटरमध्ये त्या रोबॉटला सगळे 'जावईबापू' म्हणतात. महागातला, दरवेळी नवे कपडे चढवल्याशिवाय जागचा हलत नाही, चुकून धक्का लागला तर रुसतो, आणि रुसला की समजूत घालायला बाहेरून माणसं बोलवावी लागतात.

हे नाव मोठ्या बाईंनी ठेवलेलं.

बाई म्हणजे थिएटरच्या इन्चार्ज सिस्टर. वहिनीला हे काम त्यांनी हाताला धरून शिकवलं. हाताला धरून म्हणजे कधीकधी हातावर मारून. आवाज असा की भूल दिलेला पेशंटसुद्धा सरळ झोपायचा.

त्यांची एक सवय होती.

अशा ऑपरेशनला टेबल कलतं करावं लागतं. डोकं वर, पाय खाली, म्हणजे आतडी खाली घसरतात आणि वरची जागा मोकळी होते. पण भूल दिलेला माणूस म्हणजे धान्याचं पोतं. टेबल कललं की तोही घसरू पाहतो. आणि एकदा का रोबॉटचे हात पोटात गेले, की ते जागचे हलत नाहीत. माणूस घसरला आणि हात तिथेच राहिले, तर काय होईल ते मी लिहीत नाही. तंबूचे खुंटे जमिनीत घट्ट आहेत आणि तंबू वाऱ्यावर निघालाय, एवढं डोळ्यांसमोर आणा.

म्हणून टेबल कलायला लागलं की बाई स्वतः पायाशी जाऊन उभ्या राहायच्या. आधी नळाच्या गरम पाण्याखाली हात धरायच्या, पेशंटला गार लागू नये म्हणून. मग ते ऊबदार हात पेशंटच्या पायांवर. टेबल पूर्ण कलेपर्यंत त्या हलायच्या नाहीत.

पुढे पेशंट घसरू नये म्हणून खास स्पंजची गादी आली, पायाला टेकायला फळी आली, मांडीवर पट्टा आला. कंपनीचा माणूस म्हणाला, आता पाय धरायची गरज नाही.

बाई म्हणाल्या, "गरज तुझ्या गादीला नसेल. मला आहे."

गेल्या वर्षी बाई गेल्या. घरी, झोपेत, नवऱ्याच्या शेजारी. थिएटरमध्ये पायाशी उभं राहायची पद्धत त्यांच्याबरोबर गेली.

निदान सगळ्यांना तसं वाटलं...

त्यांचे यजमान म्हणजे काका. साधा माणूस. जन्मभर टायपिंगचा क्लास चालवला. बाई चहाच्या वेळी थिएटरच्या पॅन्ट्रीत त्यांची यथेच्छ थट्टा करायच्या. "मी आधी गेले तर थोडे दिवस बघेन, आणि मग घेऊनच जाईन याला. दुधाची पिशवी कुठून कापायची ते अजून कळत नाही. मागे ठेवून काय करू?"

सगळे हसायचे. वहिनीही हसायची.

बाई गेल्या आणि वर्षाच्या आत काका पिवळे पडले.

आधी कावीळ वाटली. मग तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ निघाली. स्वादुपिंड... नाव ऐकून वाटतं, वाटीत घालून वरून तूप सोडून देतील. प्रत्यक्षात पोटातला सगळ्यात खुनशी अवयव. नुसता हात लागला तरी डूख धरतो. गाठ काढता येण्यासारखी होती, पण ऑपरेशन मोठं. रोबॉटने करायचं ठरलं. त्याच हॉस्पिटलमध्ये, त्याच थिएटरमध्ये, बाईंच्याच टेबलावर.

आदल्या दिवशी त्यांची लेक वहिनीला जिन्यात भेटली. एकुलती एक. आई गेली तेव्हा ही प्रवासात होती.

"मावशी, तुम्ही आत असाल ना?"

"आहे ना. मीच आहे उद्या."

"आई गेली तेव्हा मी घरीसुद्धा पोचले नव्हते. बाबांना तेवढं त्या दारातून बाहेर आणून द्या. बाकी मला काही नको."

नर्सने असा शब्द कधी द्यायचा नसतो. "बघू", "डॉक्टर आहेत ना", "काळजी नको", एवढंच म्हणायचं असतं. हेही बाईंनीच शिकवलेलं.

"आणते," वहिनी म्हणाली.

सकाळी काकांना टेबलावर घेतलं. पिवळाधमक चेहरा, त्यावर कागदी टोपी. इकडेतिकडे बघत होते, पाहुण्यांच्या घरी आल्यासारखे.

"पोरी, ही इथे कुठे उभी राहायची गं?"

"सगळीकडे असायच्या हो काका. टेबल कलतं करताना मात्र तुम्ही झोपलाय ना, त्या टेबलाच्या पायाशी."

काकांनी मान उचलून पायांकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"हं," ते म्हणाले. मग म्हणाले, "तिला सांगा, आज नळाखाली हात नको धरू म्हणावं. माझे पाय तसेही गरमच आहेत."

फ्लोअर सिस्टर हसली. फ्लोअर सिस्टर म्हणजे जी हात न धुता बाहेरच्या बाहेर सामान आणून देते ती. हिला सगळे 'टकळी' म्हणतात, कारण तोंडाला मास्क असतो पण कुलूप नसतं.

"काका, बाईंना सांगायची कोणाची हिंमत आहे इथे," टकळी म्हणाली.

भुलीच्या मॅडमही हसल्या. दुधासारखं पांढरं औषध नळीतून गेलं. काकांचे डोळे मिटले.

वहिनी हसली नव्हती. नळाखालच्या हातांची गोष्ट काकांना कोणी सांगितली असेल, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. मग स्वतःच उत्तर दिलं. बायकोनेच सांगितली असणार, दुसरं कोण.

तयारी यथासांग झाली. गादी, पट्टा, पायाला फळी. चादरी घालायच्या आधी टेबल पूर्ण कलवून पाहिलं. काका तसूभरही हलले नाहीत. मग चादरी पडल्या, नळ्या बसल्या, जावईबापू नवे कपडे घालून टेबलाशी लागले. सर कोपऱ्यात जाऊन बसले. असिस्टंट डॉक्टर वहिनीच्या समोर, टेबलाच्या पलीकडे.

ऑपरेशन सुरू झालं.

पहिला टप्पा छान गेला. टकळी कपाटाशी सामान काढत होती. मॅडम काकांच्या डोक्याशी, त्यांच्या यंत्रांपाशी. भिंतीवरचा मोठा स्क्रीन पायाच्या बाजूला होता, त्यावर पोटाच्या आतलं दिसत होतं. सगळे तिकडे बघत होते.

मग सर मुख्य कामाला आले. स्वादुपिंडाच्या मागे एक जाड नस असते. आतड्यांचं सगळं रक्त घेऊन जाणारी. जाड, पण कातडी ओल्या कागदासारखी. स्वादुपिंड तिला जुन्या भाडेकरूसारखं चिकटून बसलेलं असतं, आणि ते न फाडता, न ओढता सोडवायचं असतं.

थिएटर गप्प झालं. टकळीसुद्धा.

फक्त यंत्राची पीप... पीप...

"पायाशी कोण उभं आहे? जरा बाजूला व्हा, मला स्क्रीन दिसत नाही," मॅडम म्हणाल्या.

वहिनीने पाहिलं.

पायाशी कोणी नव्हतं.

मॅडमनी खाली पाहून काहीतरी लिहिलं. विषय संपला. अशा ठिकाणी दिवसाला असं कितीतरी बोललं जातं.

पीप... पीप...

"अहो, सांगितलं ना. थोडं डावीकडे व्हा."

या वेळी मॅडमचा आवाज चिडका होता. आणि या वेळी वहिनीने टकळीकडे पाहिलं. ती कपाटापाशीच होती. असिस्टंट समोर होता. सर कोपऱ्यात होते.

पायाशी रिकामी फरशी होती.

"कोणाला सांगताय मॅडम?" वहिनीने विचारलं.

मॅडमनी मान वर केली. पाहिलं. पापण्या मिटून उघडल्या.

"गेल्या वाटतं," त्या म्हणाल्या.

गेल्या.

त्यांनी बाईमाणसाबद्दल बोलावं तसं म्हटलं होतं. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पुढे विचारलं तेव्हा म्हणाल्या, पाठमोरं कोणीतरी होतं, वाकलेलं, एवढंच आठवतं.

वहिनीची नजर आता पायांवरून हलेना.

निळी चादर काकांच्या पावलांवर सपाट पडली होती. आणि मग...

घोट्यांपाशी दोन ठिकाणी ती आत गेली.

वरून कोणी दाबावी तशी नाही. खालून कोणी मूठ आवळावी तशी.

वहिनीने स्वतःला बजावलं की हे वाऱ्याने झालं. एसीचा झोत तिकडेच येतो. आणि शिस्तीप्रमाणे तिने नजर जिथे असायला हवी तिथे आणली. पोटावरच्या नळ्यांवर.

प्रत्येक नळीवर एक जाड काळी रेघ असते. ती बरोबर पोटाच्या कातडीच्या पातळीवर हवी. तिच्याभोवतीच रोबॉटचा हात फिरतो. ती सरकली म्हणजे नळी सरकली, नाहीतर माणूस.

रेघ जागेवर नव्हती.

कातडी नळीभोवती ताणली गेली होती. पायाच्या दिशेने.

"सर, थांबा," वहिनी म्हणाली.

स्पीकर खरखरला. "आत्ता नाही सिस्टर. मी व्हेनवर आहे."

"थांबा सर. पेशंट सरकतोय."

असिस्टंट म्हणाला, "सिस्टर, मला तर ठीक दिसतंय, सर इतक्या नाजूक जागी—"

"तुम्ही मध्ये बोलू नका. सर, हात थांबवा."

रोबॉट चालू असताना टेबलाशी उभी असलेली सिस्टर जे म्हणेल ते होतं. ती थांबा म्हणाली की थांबायचं, धरा म्हणाली की धरायचं, आणि तिचा शब्द मागे घ्यायचा तर तिनेच घ्यायचा. दुसऱ्या कोणी नाही. हा नियम बाईंनी वरच्या साहेबांशी भांडून करून घेतला होता.

रोबॉटचे हात थांबले.

"नस माझ्या चिमट्यात आहे," स्पीकरमधून सर म्हणाले. आवाज खूप शांत होता, आणि सर इतके शांत फक्त वाईट वेळीच असतात. "झटकन सोडता येणार नाही. हळूहळू सोडवून हत्यारं बाहेर घेतो. तोपर्यंत पेशंट हलला तर नस फाटेल. कोणीतरी पाय धरा."

रेघ अजून सरकली. वहिनीच्या डोळ्यांसमोर.

"टकळे, पाय," वहिनी म्हणाली.

टकळी धावली. पायाशी गुडघ्यांवर बसली. चादरीखाली दोन्ही हात घातले.

आणि तसेच बाहेर काढले.

ती काही बोलली नाही. टकळी... काही बोलली नाही. नुसती वहिनीकडे बघत राहिली.

"काय झालं? धर ना."

"आत..." टकळी म्हणाली. "आत आधीच हात आहेत."

पीप... पीप...

"गरम आहेत," ती म्हणाली.

वहिनीला हलता येत नव्हतं. तिचा एक हात नळीवर होता, तो काढला असता तर सगळंच गेलं असतं. तिच्यासमोर एक ताणलेली कातडी होती, कातडीच्या आत ओल्या कागदासारखी नस होती, आणि बाहेर दाराशी एक मुलगी बसली होती जिला तिने शब्द दिला होता. विचार करायला वेळ नव्हता. तोंडातून आलं ते आलं.

"बाई," वहिनी म्हणाली. "धरून ठेवा."

रेघ थांबली.

तिथेच. एक केसभरही पुढे नाही, मागे नाही.

सरांनी नस सोडवली. वेळ किती गेला ते वहिनीने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एकेक हत्यार बाहेर आलं. जावईबापूंना मागे घेतलं. टेबल सपाट केलं. काकांना वर ओढून नीट झोपवलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडलं. पुढचं ऑपरेशन पुस्तकात लिहितात तसं पार पडलं.

मधल्या वेळात गादी तपासली. एका बाजूला ओलसर होती. पोट धुवायचं पाणी कुठूनतरी झिरपलं असावं. घसरण्याइतकी ओली होती का? कंपनीचा माणूस म्हणाला, हो. वहिनी म्हणते, सांगता येत नाही. मांडीवरचा पट्टा मात्र घट्ट होता. फळीही जागेवर होती.

संध्याकाळी वहिनीने काकांना दारातून बाहेर आणलं. लेक तिच्या गळ्यात पडली.

शब्द पाळला गेला होता. गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला चांगली गोष्ट म्हणून सांगितली असती. मेलेल्या बायकोने नवऱ्याला पडू दिलं नाही, वगैरे. डोळे पुसून लोक झोपले असते.

पण चादरी काढताना वहिनीने काकांचे पाय पाहिले होते.

दोन्ही घोट्यांभोवती बोटांचे वळ होते. लालभडक. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला.

बाई घोटे कधीच धरत नसत. त्यांची पद्धत वेगळी होती. पेशंटच्या तळव्यांना आपले तळवे लावायच्या आणि कोपरं ताठ करायची. पुढे येणारं माणूस असंच थोपवतात. ढकलून.

घोटे धरून माणूस थोपवत नाहीत.

घोटे धरून माणूस ओढतात.

दुसऱ्या दिवशी वहिनीने हे फक्त मॅडमना सांगितलं. मॅडमच्या हातात चहाचा कप होता.

"तळव्यांना फळी होती ना," त्या म्हणाल्या. "हात लावायला जागाच नव्हती. मग घोटेच धरणार. बाई काय, मीसुद्धा घोटेच धरले असते."

"म्हणजे थांबवतच होत्या?"

"मला काय माहीत. माझा भुतांवर विश्वास नाही."

"तुम्ही त्यांना डावीकडे व्हायला सांगितलंत."

मॅडमनी चहा बेसिनमध्ये ओतला आणि निघून गेल्या.

काका सावरले. अशा ऑपरेशननंतर माणसं महिनाभर रडवतात. काका आठवड्यात बसून पेज मागू लागले. गाठ पूर्ण निघाल्याचा रिपोर्ट आला. सर राउंडला येऊन स्वतःच्या कामाकडे बघावं तसे काकांकडे बघून जायचे.

एकच तक्रार होती, तीही वॉर्डातल्या सिस्टरांची.

"तुमचे हे काका खाली फार सरकतात हो," एक सिस्टर वहिनीला म्हणाली. "दोघींनी काखेत हात घालून वर ओढावं, उशा लावाव्यात, पाठ वळवावी, तर पाय पुन्हा खालच्या दांड्याला टेकलेले."

"डोक्याकडून पलंग उचललेला असेल. सगळेच सरकतात."

"सपाट केला. तरी तेच. काल पायाकडून उचलला."

"मग?"

"मग काय. चढावर सरकतात."

सिस्टर हसत होती. वहिनी काकांजवळ गेली. पांघरूण बाजूला करून घोटे पाहिले. लाल वळ आता निळे झाले होते. एव्हाना पुसट व्हायला हवे होते.

"पोरी, तू तिला काय सांगितलंस?" काकांनी विचारलं.

"कोणाला काका?"

"अगं, हिला. काही बोलत नाही, नुसती धरून उभी आहे. काल मी विचारलं, बाई गं, नेतेस की ठेवतेस, एकदा काय ते ठरव. तर म्हणाली, माझ्या हातात नाही. सिस्टरने धरायला सांगितलंय. तिने अजून सोड म्हटलं नाही."

काका भ्रमात नव्हते. त्याच वेळी त्यांनी वॉर्डबॉयने आणलेल्या सुट्ट्या पैशांत चूक काढली होती.

वहिनी त्या दिवशी सुट्टी टाकून घरी आली. तिच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत अशी सुट्टी तिने फक्त लग्नाच्या दिवशी घेतली होती, तीही अर्धी.

हे सगळं तिने मला सांगितलं तेव्हा काका घरी जाऊन महिना झाला होता. मी स्टुलावर बसलो होतो. ती तीच कढई पुन्हा पुन्हा घासत होती.

"मग त्यात काय," मी म्हटलं. "जाऊन सांगायचं, बाई, सोडा. विषय संपला."

"हो ना."

"मग का नाही सांगत?"

तिने नळ बंद केला.

"भाऊजी, त्या ओढत असतील तर मी सोडा म्हटलं की काका सुटले. बरोबर?"

"बरोबर."

"आणि काका पडू नयेत म्हणून त्या धरून असतील तर?"

मी स्टुलावरून उठलो.

"तेव्हा मी बघितलं असतं ना चादर उचलून," ती म्हणाली, "तर कळलं असतं. हात कुठल्या बाजूला जोर लावतायत ते कळतंच. पण माझे हात धुतलेले होते. धुतलेले हात खाली नेता येत नाहीत."

ओट्यावर तिचा फोन वाजला.

तिने हात पुसले. नाव वाचलं. काकांची लेक. उचलून कानाला लावला, आणि पलीकडे काकाच होते. म्हाताऱ्या माणसांना फोनवर ओरडायची सवय असते, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं.

"पोरी, पाय फार दुखायला लागलेत गं आता. आणि हीसुद्धा थकली आहे. एकदा काय तो शब्द टाक. मी फोन तिच्याकडे धरतो."

मग पलीकडे शांतता...

फोन कोणाच्या तरी दिशेने धरल्यावर असते तशी.

वहिनीने तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या ओठांवर शब्द आला होता, कुठला ते मला कळलं नाही. तिने ओठ मिटले. पुन्हा उघडले. पलीकडून कोणी घाई करत नव्हतं. कोणीतरी अगदी शिस्तीत, न हलता, हुकमाची वाट बघत होतं.

वहिनीने फोन ठेवून दिला.

तिने तो शब्द अजून टाकलेला नाही. नोकरीवर जाते, रोबॉटशी उभी राहते. टेबल कलायला लागलं की आता टकळी पायाशी जाऊन उभी राहते, तिला कोणी सांगितलेलं नाही. पण चादरीखाली हात घालत नाही.

हे लिहून झाल्यावर मी काकांच्या लेकीला फोन केला. म्हटलं, गोष्ट छापायला देण्याआधी विचारावं.

"बरे आहेत बाबा," ती म्हणाली. "जेवले दोन घास. वजनही वाढलंय."

"झोप?"

"झोप लागते. फक्त आम्ही त्यांचे हात पलंगाच्या डोक्याकडच्या कठड्याला बांधून ठेवतो. मऊ कापडाने." मग म्हणाली, "सकाळी ते कापड ताणलेलं असतं."